आत वळवलेलं टोक

साबणाचा फुगा माणसाएवढा होतो हे मला साठाव्या वर्षी कळलं, आणि कळलं त्याच दिवशी पहिली तक्रार मीच केली. आमच्या इमारतीच्या आवारात नव्या फरश्या बसवून महिना झाला नव्हता आणि पहिल्या मजल्यावर मुलाकडे राहायला आलेले जोगळे तिथे बादलीभर साबणाचं पाणी घेऊन उभे. कोणी घसरून पडलं, हाड मोडलं, तर कोण धावणार, असं मी तिसऱ्या मजल्यावरूनच ऐकवलं. माझा आवाज गेटपर्यंत जातो. ही इमारत जिथे उभी आहे तिथे आमची भातशेती होती, त्यामुळे आवारातली काडीसुद्धा मला विचारून हलावी असं मला उगाच वाटत आलंय. जोगळ्यांनी वर बघून मान हलवली, बादली उचलली आणि पाण्याच्या टाकीमागच्या मातीच्या जागेत गेले. एका शब्दाने उलट बोलले नाहीत. त्याचा मला जास्त राग आला.

प्रल्हाद जोगळे मूळचे रत्नागिरीकडचे. नोकरी सगळी इकडेच झाली. बायको गेली, निवृत्तीनंतर सरकारी क्वार्टर सुटलं, म्हणून ते विरारला मुलाकडे, जितेंद्रकडे आले. सून सुरुची बँकेत नोकरीला, नात आर्या चौथीत. आरोग्य खात्यातून निवृत्त, एवढंच इमारतीला माहीत. बुटका, सावळा, फार स्वच्छ माणूस. शर्टाच्या बाह्या भर उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बटण लावलेल्या. कोणाच्या घरी गेले तर पाणीही नको म्हणायचे. कोणाला काही द्यायचं असलं तर हातात देत नसत. आधी टेबलावर नाहीतर कट्ट्यावर ठेवायचे, मग तुम्ही उचला. मला वाटायचं, माणूस शिष्ट आहे. माझा माणसांबद्दलचा अंदाज सहसा असाच असतो, पटकन आणि चुकीचा.

फुग्यांचं वेड आर्याचं. भुईगावच्या किनाऱ्यावर तिने कोणाकडे तरी तो मोठा फुगा पाहिला आणि हट्ट धरला. बापाने मोबाईलवरून प्लास्टिकचं काहीतरी मागवलं, ते दोन दिवसांत मोडलं. मग आजोबा कामाला लागले. आणि ते कामाला लागणं बघण्यासारखं होतं, हे मी टाकीच्या पलीकडून तुळशीला पाणी घालायच्या निमित्ताने बघितलंय.

फुग्याची सगळी गंमत दोऱ्यात असते, असं ते आर्याला सांगायचे. नायलॉनचा दोरा चालत नाही, त्याच्यावरून पाणी घसरतं. दोरा सुती हवा, पाणी पिणारा. नव्या दोऱ्याला खळ असते, म्हणून तो दोनदा उकळायचा, पिळायचा, सावलीत वाळवायचा. मग तीन पदरांची वेणी घालायची, सैल नाही, आवळही नाही. हातभर लांबीच्या दोन बांबूच्या काठ्या. त्यांच्या टोकांमध्ये वरचा दोरा आखूड, खालचा त्याच्या दुप्पट, आणि खालच्याच्या मधोमध पितळेचा एक वायसर, म्हणजे वजनाने दोरा खाली लोंबतो आणि मधे तिकोनी खिडकी होते. काठ्या मिटून बादलीत बुडवायच्या, सावकाश उचलायच्या, उघडायच्या आणि मागे मागे चालत जायचं. खिडकीतून फुगा बाहेर पडतो, आधी लांबुळका, मग हेलकावे खात गोल होतो.

पण जोगळ्यांचा खरा जीव सांध्यावर. दोरा जिथे जोडला तिथे टोक बाहेर राहिलं की साबणाचा पडदा तिथेच फाटतो. म्हणून ते गाठ मारून सोडत नसत. पोती शिवायचा दाभण घ्यायचे, दोऱ्याचं टोक त्याच्यात ओवायचे आणि वेणीच्या पोटात दोन बोटं लांबीपर्यंत आत नेऊन मग बाहेर काढून कापायचे. उरलेला तुकडा आपोआप आत जायचा. मग डोळे मिटून सगळ्या दोऱ्यावरून अंगठा फिरवायचे. कुठे खरखर लागली की पुन्हा उसवायचे. आर्याही डोळे मिटून अंगठा फिरवायची. तिच्या हातात मात्र ते वस्तू थेट द्यायचे, काठी, दाभण, सगळं. या एका पोरीने आपल्या हातून वस्तू घ्यावी, एवढ्यावर तो माणूस जगत होता. हे मला तेव्हा कळलं नाही. कळायला हवं होतं.

दिवाळीपर्यंत दर रविवारी सकाळी टाकीमागे इमारतीतली पंधरा-वीस मुलं जमू लागली. माझी पुण्याची नात आली, तिलाही दोरा हवा झाला. तक्रार मी केलेली, मागणार कोणत्या तोंडाने. पण दुसऱ्या दिवशी जोगळे स्वतःच नवा करकरीत दोरा घेऊन आले, माझ्या दारातल्या चपलांच्या स्टँडवर ठेवला आणि गेले. नात परत गेली, दोरा माझ्या हॉलमध्ये खिळ्याला लटकत राहिला.

तिथेच तो शकूवहिनीला दिसला. शकूवहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. जमीन गेली तेव्हा आम्ही फ्लॅट घेतले, तिने घेतला नाही. ती अजून खाडीकडच्या जुन्या घरात, उरलेल्या दोन तुकड्यांत भात आणि भाजी करते. तिचा मुलगा विकी आठ वर्षांपूर्वी हायवेला गेला. मोटरसायकल टेम्पोखाली आली. तेवीस वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी पोस्टमॉर्टेम होऊन त्याला घरी आणलं तेव्हा सगळ्यांनी तिला सांगितलं, बांधलेलं सोडू नकोस, पोत्यासारखं शिवतात, बघवणार नाही. पण आमच्याकडे आंघोळ घातल्याशिवाय माणसाला नेत नाहीत. तिने कोणाचं ऐकलं नाही. हळद-तेल लावताना गळ्यापासून पोटापर्यंत हात फिरवला. त्यानंतर कितीतरी दिवस ती एकच गोष्ट सांगत राहिली, की हात कुठे अडकला नाही, एक टोक लागलं नाही, कोणीतरी माझ्या पोराला निगुतीने शिवलं. आम्ही मान हलवायचो. दुःखात माणूस काहीही धरून बसतो, असं आम्हाला वाटायचं.

जानेवारीत हळदीकुंकवाला आली होती. बोलता बोलता तिने खिळ्यावरचा दोरा हातात घेतला, सहज. वायसरजवळच्या सांध्यावर तिचा अंगठा थांबला. पुढे गेला, मागे आला. मग तिने डोळे मिटले. मी वाणाच्या वाट्या पुसत होते, मला वाटलं तिला चक्कर आली.

हा कोनी केला, असं तिने विचारलं. मी सांगितलं. कुठे कामाला होते, विचारलं. आरोग्य खात्यात, म्हटलं. तिने दोरा पुन्हा खिळ्याला लावला, आणि माझ्या डोक्यात सगळं एका रांगेत बसलं. मनगटापर्यंतच्या बाह्या, न घेतलेलं पाणी, टेबलावर ठेवलेल्या वस्तू. जोगळे पोस्टमॉर्टेमच्या खोलीत कामाला होते. आता खरं सांगते. मला दया आली नाही. मला आपल्याला काहीतरी समजल्याचा आनंद झाला.

जाताना ती म्हणाली, सव्वीस जानेवारीला सगळी मानसं जमतात ना तुमची, तेव्हा येईन. मेलेल्याची शेवटची सेवा ज्याने केली त्याला आमच्याकडे टॉवेल, टोपी आणि नारळ देऊन मान देतात. खांदेकऱ्यांना दिला, लाकडं रचणाऱ्यांना दिला, या माणसाचा राहून गेला होता. मान चार लोकांत द्यायचा असतो, कोपऱ्यात नाही, एवढं तिला ठाऊक. फ्लॅटमधली माणसं कशी असतात ते तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. जोगळ्यांना आधी विचारावं असं एकदा माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं. जोगळे कसे चपापतात ते मला बघायचं होतं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली, मुलं टाकीमागे धावली. थंडीत फुगा जास्त टिकतो, म्हणून जोगळ्यांनी त्या दिवशी सगळ्यात लांब दोरा आणला होता. एक काठी त्यांच्या हातात, एक आर्याच्या. आईबाप मोबाईल काढून उभे. शकूवहिनी नऊवारी नेसून, हातात ताट घेऊन गर्दीतून सरळ पुढे गेली.

"दादा, तुमी माज्या पोराला शिवला," ती म्हणाली. "आठ वर्सं मी तुमाला शोधते. माजा हात कुठं अडकला नाय."

जोगळे हलले नाहीत. फुगा काठ्यांमध्ये तसाच लोंबत राहिला आणि फुटला. कोणीतरी मागून विचारलं, शिवलं म्हणजे काय? तेव्हा ते शकूवहिनीकडेच बघत, अगदी हळू बोलले.

"बाई, मेलेल्याला काय कळतंय. घरी आंघोळ घालणाऱ्याचा हात अडकू नये, म्हणून टोक आत घालायचो."

तिने ताट पुढे केलं. त्यांनी काठी खाली ठेवली आणि टॉवेल, टोपी, नारळ दोन्ही हातांनी तिच्या हातातून घेतला. आमच्यापैकी कोणाच्या हातातून त्यांनी काही घेतलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. ती त्यांच्या पाया पडली. मग त्यांनी मान वर करून आजूबाजूला बघितलं.

कोणी वाईट शब्द काढला नाही. आमची इमारत सुशिक्षित आहे. फार मोठं काम हो तुमचं, असं दोघं-तिघं म्हणाले, आणि म्हणता म्हणता प्रत्येकाचा हात आपापल्या पोराच्या खांद्यावर गेला. पाच मिनिटांत टाकीमागची जागा रिकामी झाली. सुरुची जिलेबीचा ट्रे धरून उभी होती. तिला सासरे दवाखान्यात कारकून होते असं सांगून लग्न झालं होतं. तिने ट्रे फरशीवर ठेवला आणि आर्याला घरी चल म्हणाली. आर्या काठी सोडेना. तेव्हा सुरुचीने तिची बोटं एकेक करून उघडली.

मी घरी गेले, खिळ्यावरचा दोरा वर्तमानपत्रात धरून काढला आणि मागच्या नाल्यात टाकला. मग कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा.

पुढच्या रविवारी जोगळे बादली घेऊन टाकीमागे उभे राहिले. कोणी आलं नाही. कोणाचा क्लास होता, कोणाला सर्दी, कोणी गावाला गेलेलं. आर्याचाही चित्रकलेचा क्लास नेमका रविवारी सकाळचा लागला होता. त्याच्या पुढच्या रविवारीही ते तासभर उभे राहिले, मग बादली झाडाच्या मुळाशी ओतली. घरात त्यांची ताट-वाटी वेगळी झाली, असं कामवालीने सांगितलं. सुरुचीला दोष द्यायला माझं तोंड कुठे आहे. ती दुष्ट बाई नाही. तिने एकदा जिन्यात मला सांगितलं, कळतं हो सगळं, पण पोरगी त्यांच्या हातचा घास खाते तेव्हा मी उठून आत जाते. मी तिला धीर दिला. धीर द्यायला मी कायम पुढे.

मार्चपासून जोगळे रविवारी पहाटे पिशवीत दोरा आणि बाटली घालून भुईगावला जाऊ लागले. तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. एकदा बस स्टॉपवर मी त्यांना गाठलं. माफी मागायची होती. मी यंदा आंबा उशिरा आहे वगैरे बोलत बसले. त्यांनीच विषय काढला.

"त्या बाईंना काही बोलू नका, ताई," ते म्हणाले. "पस्तीस वर्षांत एकदाच कोणी येऊन सांगितलं की हात अडकला नाही."

बस आली, ते चढले, मला हात केला.

मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी ते किनाऱ्यावर गेले. सुरूच्या झाडांपाशी पाच-सहा मुलं फुग्यामागे धावत होती. जोगळे वाकले ते वाकलेच. मुलांना वाटलं, काका दोरा बुडवतायत. एका पोराने जवळ जाऊन काठी ओढली तेव्हा कळलं, की काठ्या धरणारा हात सुटलाय. हृदय बंद पडलं होतं. घराबाहेर, अनोळखी लोकांत गेलेला माणूस, म्हणून पोलीस आले, पंचनामा झाला, आणि कायद्याप्रमाणे पोस्टमॉर्टेम. ज्या टेबलाशी ते पस्तीस वर्षं उभे राहिले तिथेच त्यांना नेलं की दुसरीकडे, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. मी शकूवहिनीला फोन केला होता. या सगळ्यात मी न चुकता केलेली तेवढी एक गोष्ट. घरातली मोरी लहान, म्हणून आंघोळ टाकीमागेच घालायची ठरली, मी त्यांना पिटाळलं होतं त्याच मातीत. आम्ही बायकांनी चारी बाजूंनी चादरी धरल्या. आत जितेंद्र आणि रत्नागिरीहून आलेले दोन भाऊबंद.

पाण्याचा आवाज आला आणि थांबला. जितेंद्र चादर सारून बाहेर आला. त्याच्या तळहातावर बारीक ओरखडा होता. ताठ, मेणकट दोऱ्याचं टोक लागलेलं. तो टाकीला टेकून खाली बसला.

"पोत्यासारखं शिवलंय," तो म्हणाला. "सगळी टोकं बाहेर आहेत. बाबांना असं नाही न्यायचं मला."

भाऊबंद म्हणाले, आता चालायचंच, वर कपडा घाला, उशीर होतोय. तेव्हा शकूवहिनीने पदर खोचला आणि सुई-दोरा मागितला. परक्या पुरुषाच्या अंगाला बाईने हात लावायचा, कोणीतरी पुटपुटलं. तिने तिकडे बघितलंही नाही. मी घरातून सुई आणली, तिच्या नेढ्यातून तो जाड दोरा जाईना. कात्रीने टोकं कापू म्हटलं तर कापलेली बुडखं आणखीच टोचतात. जोगळे टोक आत कसं घालायचे, हे तिला माहीत नव्हतं. तिने फक्त हाताने ओळखलं होतं.

आर्या जिन्याच्या पायरीवर बसवलेली होती. ती उठून घरात गेली आणि आजोबांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात दाभण, वायसर आणि अर्धवट राहिलेला एक दोरा. सुरुची पुढे झाली. मला वाटलं, आता ती डबा हिसकावून घेईल. तिने हात उचलला आणि तसाच ठेवला.

"आधी कापायचं नाही," आर्या शकूवहिनीला म्हणाली. "टोक ओवायचं, दोन बोटं आत न्यायचं, मग बाहेर ओढून कापायचं. मग डोळे मिटून बघायचं."

चादरीच्या बाहेर, पायरीवर बसून त्या पोरीने अर्धवट दोऱ्यावर तिला तीनदा करून दाखवलं. तिसऱ्या वेळी शकूवहिनीने स्वतः केलं, अंगठा फिरवला, मान हलवली. मग चादरीआड जाताना तिने मला हाक मारली. संजना, हात दे.

माझ्या हातातला चादरीचा कोपरा सुरुचीने घेतला. मी आत गेले. एकेक टोक मी धरून उचलायचं, शकूवहिनीने ते आत घालायचं, असं आम्ही गळ्यापासून खाली आलो. ऊन डोक्यावर होतं. मी याच हातांनी नाल्यात काय टाकलं होतं ते मला एकसारखं दिसत होतं. माझ्या दारात आणून ठेवलेलं एवढं चांगलं काम मला पुन्हा कोणाकडून मिळणार नाही. त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण मी फक्त टोकं उचलत राहिले.

झाल्यावर शकूवहिनीने डोळे मिटून वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवला आणि जितेंद्रला बोलावलं. त्याने पुन्हा तांब्या घेतला. पाणी ओतत ओतत त्याचा हात बापाच्या छातीवरून पोटापर्यंत गेला, आणि कुठे अडकला नाही.